जखमी सायकलस्वार आणि न्यायाची वाट

खंडाळा म्हटलें कीं शहरी माणसाला लोणावळ्याशेजारचें थंड हवेचें ठिकाण आठवतें. परंतु त्याच नांवाचें दुसरें एक गांव सातारा जिल्ह्यांत, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं, पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें आहे. भरधांव जाणारीं अवजड वाहनें आणि रस्त्याच्या कडेनें सायकल हाकणारा साधा माणूस यांची गांठ अशा गांवीं पडावयाचीच. धडक बसली तर हाड कोणाचें मोडतें, हें सांगावयास नको. प्रश्न पुढचा आहे. भरपाई कोणी द्यावी, आणि ती मागण्यासाठीं जखमी माणसानें कोणाचें दार ठोठवावें? या प्रश्नाचें उत्तर हळूहळू कसें घडत गेलें, तो इतिहास बोधप्रद आहे.

आरंभ १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्यापासून करावा लागतो. दुसऱ्याच्या दोषामुळें मनुष्य दगावल्यास त्याची पत्नी, आईबाप व मुलें यांच्यासाठीं भरपाई मागण्याचा हक्क त्या कायद्यानें दिला. जो जखमी होऊन जगला, त्याच्यासाठीं मात्र असा लेखी कायदा नव्हता. त्यानें न्यायाच्या सर्वसाधारण तत्त्वांवर भिस्त ठेवून दिवाणी दावा लावावयाचा. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें त्याला एकच वर्षाची मुदत होती, आणि त्यांतले कित्येक महिने अंथरुणांतच जावयाचे. कोर्ट-फी दाव्याच्या रकमेच्या मानानें भरावयाची. ‘नादार’ ठरलेल्यास ती भरल्यावांचून दावा लावण्याची सवलत असे. पण वकील कोण देणार? आणि हुकूमनामा हातीं आला तरी कर्जबाजारी वाहनमालकाकडून वसूल काय होणार? थोडक्यांत, हक्क होता, पण वाट नव्हती.

ही वाट तीन टप्प्यांनीं तयार झाली. पहिला टप्पा विम्याचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें रस्त्यावरील त्रयस्थाच्या हानीबद्दल विमा उतरणें सक्तीचें केलें, आणि तीं कलमें १ जुलै १९४६ पासून अमलांत आलीं. मालक गरीब असला तरी भरपाई बुडूं नये, अशी सोय यामुळें झाली. दुसरा टप्पा स्वतंत्र न्यायाधिकरणाचा. १९५६ च्या दुरुस्तीनें अशीं न्यायाधिकरणें स्थापण्याची तरतूद झाली. तेथें दिवाणी दाव्याऐवजीं अर्ज करावयाचा आणि चौकशी संक्षिप्त पद्धतीनें व्हावयाची.

तरीहि चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचें ओझें जखमी माणसाच्याच माथीं राहिलें. मुंबईकडच्या मिनू मेहता खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं हें ओझें आवश्यक असल्याचें सांगितलें. बेशुद्ध पडलेल्या सायकलस्वारानें साक्षीदार कोठून आणावे? पांच वर्षांनीं, १९८२ मध्यें, संसदेनें यावर उपाय काढला. दोष कोणाचा हें न पाहतां मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याचें ठरलें. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता न लागल्यास गंभीर जखमेबद्दल १,००० रुपयांची तजवीज झाली. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम ५०,००० रुपये आहे, आणि वाहन सांपडल्यास, दोष सिद्ध न करतां गंभीर जखमेबद्दल अडीच लाख रुपये मागतां येतात.

तिसरा टप्पा वकिलाचा. गरिबास कायद्याची मदत कशी द्यावी, याचा विचार करण्यासाठीं मुंबई सरकारनें १९४९ मध्यें न्यायमूर्ति न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. १९७६ सालीं राज्यघटनेंत ३९-अ हें कलम घालून मोफत विधिसाहाय्य हें राज्याचें कर्तव्य ठरविण्यांत आलें. त्यासाठीं केलेला १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. स्त्रिया, मुलें, अपंग आणि अनुसूचित जातिजमातींचे लोक यांस उत्पन्न न पाहतां, व इतरांस उत्पन्नाच्या मर्यादेंत, सरकारी खर्चानें वकील मिळतो.

यामुळें खंडाळ्याच्या जखमी माणसाला आज साताऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. वकिलापायीं घरदार गहाण टाकण्याचें कारण नाहीं. मात्र दोन गोष्टी विसरूं नयेत. १९९४ मध्यें काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत २०२२ पासून पुन्हां कायद्यांत आली आहे. म्हणून पोलिसांतील फिर्याद, पंचनामा आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपावे. दुसरें असें कीं, सायकल हें कायद्याच्या दृष्टीनें मोटार वाहन नव्हे. एका सायकलस्वारानें दुसऱ्यास पाडलें, तर न्यायाधिकरणाचें दार उघडत नाहीं. अशा माणसाला सरकारी खर्चाचा वकील मिळूं शकतो. पण जावें लागतें तें त्याच जुन्या दिवाणी न्यायालयांत. सायकलस्वाराला मदत किती मिळावी, हें अजूनहि त्याच्या जखमेपेक्षां त्याला कोणीं पाडलें यावरच अधिक अवलंबून आहे.