लिलीचा गुच्छ आणि मनीचे ७२ तास

वाढदिवसाच्या गुच्छात हल्ली मोठी लिली हमखास असते. फूलवाले तिला ओरिएंटल किंवा एशियाटिक म्हणतात. मांजर असलेल्या घरात ती आली की काय घडू शकते, त्याचा हा क्रम. घर कल्पनेतले आहे, पण तासांचा हिशेब पशुवैद्यांच्या अनुभवातला आहे.

शनिवार, रात्री ९ (तास ०)
पाहुणे गेले. गुच्छ टीपॉयवर फुलदाणीत ठेवला. मनी फुलांना अंग घासत गेली आणि तिच्या पाठीवर नारिंगी-तपकिरी पराग सांडले. सवयीप्रमाणे तिने पाठ चाटून स्वच्छ केली. एवढे पुरते. या झाडाची पाकळी, पान, देठ, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराला विषारी असते. नेमके द्रव्य कोणते, हे शास्त्रज्ञांना अजून सापडलेले नाही. ते पाण्यात विरघळते आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते, इतके ठाऊक आहे. हीच लिली कुत्र्याने खाल्ली तर त्याचे पोट बिघडते, मूत्रपिंड वाचते.

मध्यरात्री १२ (तास ३)
"आई, मनी ओकली गं."
"केसांचा गोळा असेल. झोप आता."
मनीच्या तोंडातून लाळ गळते आहे. या घटकेला सगळे सावरता येते. पशुवैद्य औषधाने उलटी करवतात, कोळशाचे औषध देतात, अंगावरचे पराग धुऊन काढतात आणि दोन-तीन दिवस सलाईन लावतात. घरी मीठ-पाणी पाजणे हा उपाय नाही. मिठानेच मांजर दगावू शकते. दुधाने विष उतरत नाही.

रविवार, सकाळी ९ (तास १२)
उलट्या थांबल्या. मनी मलूल आहे, पण पाण्याच्या वाटीशी जाऊन पुन्हापुन्हा पाणी पिते. घरच्यांना हायसे वाटते. माझ्या मते सगळ्या क्रमात सर्वांत घातक वेळ हीच, कारण तिला बरी समजून माणसे आपापल्या कामाला लागतात. मूत्रपिंडाला लघवी दाट करता येईनाशी झाली आहे. म्हणून ट्रेमधली वाळू नेहमीपेक्षा जास्त भिजते, शरीर कोरडे पडते आणि तहान वाढते. लघवी तपासली तर बिघाड दिसू लागलेला असतो. रक्तातले क्रिएटिनीन मात्र अजून वाढलेले नसण्याची शक्यता असते, त्यामुळे एवढ्यात केलेल्या रक्ततपासणीवर विसंबून राहू नये.

दुपारी ३ (तास १८)
साधारण इथवर सलाईन सुरू झाले तर बहुतेक मांजरे वाचतात. इथून पुढे आशा झपाट्याने घटते. रविवार असल्याने नेहमीचा दवाखाना बंद आहे. "उद्या सकाळी नेऊ," असे ठरते.

सोमवार, सकाळी ९ (तास ३६)
ट्रे कोरडा आहे. मनी अन्नाला तोंड लावत नाही, पुन्हा ओकते आहे. रक्तात क्रिएटिनीन चढलेले आहे. लघवीच होत नसल्याने सलाईनही जपून द्यावे लागते, नाहीतर पाणी फुप्फुसात साठते. डायलिसिसने मूत्रपिंडाला सावरायला वेळ मिळू शकतो, पण जनावरांसाठी ती सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे.

मंगळवार, रात्री ९ (तास ७२)
उपचार न मिळालेले मांजर साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान जाते. मनी या रात्री गेली.

मनी प्लांट, पीस लिली आणि डिफेनबाखिया यांची भीती वेगळी. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडाची आग करतात, लाळ गाळवतात, पण मूत्रपिंडावर असा घाला घालत नाहीत. पीस लिलीच्या नावात लिली असली तरी ते कूळ निराळे. बागेतली डे-लिलीही निराळ्या कुळातली, पण ती मात्र मांजराचे मूत्रपिंड तशीच निकामी करते.

मांजर पाळणाऱ्यांकडे जाताना गुच्छात लिली नको, असे फूलवाल्याला बजावून सांगा. आणि मांजराने ती चाटल्याची नुसती शंका आली, तरी उलटीची वाट पाहू नका. फुलाचा फोटो घ्या, वेळ लक्षात ठेवा आणि त्याच रात्री उघडा असलेला पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.