ग्रामस्तरीय समित्या : नेमणूक व मुदत (जुन्नर व आंबेगाव तालुके)

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन तालुक्यांत ग्रामपंचायतीच्या जोडीने काम करणाऱ्या, बिनपगारी सदस्यांच्या समित्या. शाळा, वनहक्क, जैवविविधता आणि गावातले तंटे हे त्यांचे मुख्य विषय. ग्रामपंचायतीची पाच वर्षांची मुदत ७३व्या घटनादुरुस्तीने बांधून दिली. समित्यांना असा एकच नियम नाही. सदस्याला कोण निवडतो आणि तो किती काळ बसतो, हे प्रत्येक समितीच्या कायद्यावर ठरते. दोन्ही तालुक्यांचा पश्चिमेकडचा डोंगरी, मुख्यतः महादेव कोळी व ठाकर वस्तीचा भाग १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे पेसा कायद्यामुळे (१९९६) ग्रामसभेचे वजन अधिक आहे.

शाळा व्यवस्थापन समिती ही गावकऱ्यांच्या सर्वाधिक परिचयाची. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २१प्रमाणे तिचे तीन-चतुर्थांश सदस्य शाळेतील मुलांचे पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचे सदस्य, शिक्षक आणि पालकांनी ठरवलेले शिक्षणतज्ज्ञ किंवा विद्यार्थी येतात. समितीचे दर दोन वर्षांनी पुनर्गठन करायचे असते. तीच व्यक्ती पुन्हा किती वेळा यावी, यावर केंद्रीय नियमांत बंधन नाही. पण एक मर्यादा आपोआप पडते. वाडीवरच्या झेडपीच्या शाळेत वर्ग चौथीपर्यंत असतील, तर मूल पुढच्या शाळेत गेल्यावर पालक म्हणून बसण्याचा आधारच उरत नाही. धाकटे भावंड पटावर असेल तरच पुढची संधी. ही रचना चांगली आहे, कारण समितीत बसणाऱ्याचे स्वतःचे मूल त्याच शाळेत शिकत असते. पट लहान असला की मात्र निवडीला माणसेच थोडी उरतात आणि अनेकदा त्याच घरांकडे पद फिरत राहते.

वनहक्क समितीची गोष्ट उलट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनुसार ग्रामसभा आपल्यातूनच १० ते १५ जण निवडते. २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यांत किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातींचे आणि किमान एक-तृतीयांश महिला लागतात. मुदत किती, हे नियम सांगत नाहीत. वनहक्काचे दावे एका पावसाळ्यात निकाली निघत नाहीत, त्यामुळे एकदा निवडलेली समिती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. त्याचा फायदाही आहे : कोणाचे शेत कोणत्या ओढ्यापर्यंत, हे पाहणीला गेलेल्या सदस्यांनाच ठाऊक असते आणि कागदांचा माग त्यांनाच लागतो. तरीही ठरावीक काळाने ग्रामसभेने समितीचा आढावा घेऊन ठराव करावा, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. निवडणारी ग्रामसभाच असल्याने बदलण्याचा अधिकारही तिच्याकडेच असायला हवा. अडचण गणपूर्तीची आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि डोंगरातली बरीच कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव, मंचर भागात गेलेली असतात. सभेची तारीख मजुरीचा हंगाम पाहून ठरली नाही, तर गणपूर्ती होत नाही आणि निवड अडते.

वनहक्क समितीत स्वतःचा वैयक्तिक दावा असलेल्या सदस्याने तसे समितीला कळवायचे असते आणि त्या दाव्याच्या पडताळणीत भाग घ्यायचा नसतो. गावात सगळेच एकमेकांचे सोयरे असताना हा नियम फार मोलाचा आहे.

जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य ग्रामसभा निवडत नाही, स्थानिक स्वराज्य संस्था नेमते. २००४च्या केंद्रीय नियमांत अध्यक्षाची मुदत तीन वर्षांची होती. तंटामुक्त गाव समिती १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतली. तिची निवडही ग्रामसभेतच होते.

गावाच्या वरच्या पातळीवर नेमणुकीचा दोर जिल्हा परिषदेच्या हाती आहे. वनहक्काच्या उपविभागीय समितीवर पंचायत समितीचे तीन सदस्य जिल्हा परिषद नामनिर्देशित करते. त्यांत किमान दोघे अनुसूचित जमातींचे असावे लागतात. मार्च २०२२मध्ये पुणे जिल्हा परिषद व पंचायत समित्यांची मुदत संपली, कारभार प्रशासकांकडे गेला आणि निवडणुका लांबल्या. पंचायत समितीत निवडून आलेला सदस्यच नसेल, तर या तीन जागांवर नेमायला लोकप्रतिनिधी उरत नाही आणि समितीत अधिकाऱ्यांचाच आवाज राहतो.