दैवाचा चेंडू, माणसाचा हात

खिळ्यांच्या फळीवर गोळी सोडून ती कोणत्या घरात पडते ते पाहण्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी खेळला असेल. पिनबॉलचे यंत्र हे त्याच फळीचे थोरले भावंड. त्यातील तीन यंत्रे आम्हांस विशेष प्रिय आहेत.

तिसरा मान १९३१ च्या 'बॅफल बॉल'चा. मंदीच्या दिवसांत अमेरिकेतील गरिबाची त्याने एका सेंटात करमणूक केली. पण चेंडू सुटला की बहुतेक सारे दैवावर! न्यूयॉर्कने १९४२ साली पिनबॉलला जुगार ठरवून यंत्रे फोडली.

दुसरा मान १९९२ च्या 'अ‍ॅडम्स फॅमिली'चा. पटाखालचे लोहचुंबक चेंडूची वाट ऐनवेळी वाकवतात. अशी वीस हजारांवर यंत्रे खपली.

पहिला मान मात्र १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी'चाच. हॅरी मॅब्स यांनी त्यास विजेचे सहा दांडे बसविले. कळ दाबून घसरता चेंडू परतवता येऊ लागला. बघ्याचा खेळाडू झाला. पुढे १९७६ साली रॉजर शार्प यांनी आधी सांगून नेम साधून दाखविला आणि न्यूयॉर्कची बंदी उठली.

कामगार चळवळीत वावरलेल्या आम्हांस यातून एकच दिसते. उतार आपण घातलेला नसतो. पण चेंडू परतवण्याची कळ माणसाच्या हाती असलीच पाहिजे.