गिरणगावातील पंडुरोग आणि फॉलिक आम्लाचा शोध

सरकारी दवाखान्यात गर्भवतीला लोह आणि फॉलिक आम्लाची एकत्रित गोळी दिली जाते. तिच्यातील फॉलिक आम्लाचा इतिहास मुंबईच्या परळमध्ये सुरू होतो.

१९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञ मुंबईत आल्या. मातामृत्यूंची चौकशी करणाऱ्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या (आजची दिल्लीस्थित आयसीएमआर) प्रकल्पात, हाफकिन संस्थेत त्यांचे काम सुरू झाले. कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणात तीव्र पंडुरोग जडत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. अनेकींचा त्यात अंत होई.

विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. पुरावा मिळेना, तेव्हा लक्ष आहाराकडे वळले. उंदरांना या स्त्रियांसारखाच निकृष्ट आहार दिल्यावर त्यांनाही पंडुरोग झाला. यीस्ट दिल्यावर तो टळला. मात्र उंदरांच्या अंगावरील उवांच्या प्रादुर्भावामुळे हा निष्कर्ष शंकास्पद ठरत होता, म्हणून प्रयोग माकडांवर करण्यात आले. मार्माइट या स्वस्त यीस्ट-अर्काने माकड सुधारले आणि पुढे रुग्ण स्त्रियाही बऱ्या झाल्या. हे संशोधन १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हटले जाऊ लागले.

१९४१ साली अमेरिकेत सुमारे चार टन पालकापासून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले. लॅटिनमधील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केले. पेशीला विभाजनापूर्वी डीएनएची नवी प्रत बनवावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागते. ते अपुरे पडले, की रक्तपेशी वाढतात पण विभागत नाहीत; गिरणगावातील त्या मोठ्या पेशींचे कोडे असे सुटले. गर्भ, वार आणि मातेचे वाढते रक्त यांमुळे गरोदरपणात फोलेटची गरज दुपटीहून अधिक होते.

१९९१ साली आणखी एक बाब सिद्ध झाली. गर्भधारणेपूर्वीपासून घेतलेले फॉलिक आम्ल बाळाच्या मज्जानलिकेतील बहुतांश दोष टाळू शकते. ही नलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. म्हणजे अनेकदा स्त्रीला गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच. त्यामुळे नावनोंदणीनंतर सुरू झालेली गोळी या कामी उशिराची ठरते.

भारतात गर्भवतींना लोह-फॉलिक आम्ल देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. त्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा असला, तरी डाळी, पालेभाज्या आणि फळे ताटात पुरेशी का नाहीत, हा विल्स यांच्यासमोर उभा राहिलेला प्रश्न गोळीने सुटलेला नाही.