‘लुप्त’ झालेले लोक नाश्ता वाढतात तेव्हा : बेलीझच्या सहलीतून उमगलेला इतिहास

आज ‘माया’ हा शब्द वारंवार येणार आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून आधीच सांगून टाकतो, ही शंकराचार्यांची माया नव्हे. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांविषयी आपण बोलणार आहोत. अर्थात भ्रमाचा विषय अगदीच सुटणार नाही, हे शेवटी तुमच्या लक्षात येईल.

निमित्त एका सहलीचं. आमची मुलगी ह्यूस्टनला असते. तिनं आणि जावयांनी आम्हा दोघांसाठी बेलीझची सात दिवसांची सहल ठरवली, गाईडसकट. बेलीझ म्हणजे मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमालाच्या पूर्वेला, कॅरिबियन समुद्राकाठचा चिमुकला देश. १९७३ पर्यंत त्याचं नाव ब्रिटिश होंडुरास होतं. १९८१ च्या सप्टेंबरात तो स्वतंत्र झाला. सहलीच्या पत्रकात तीन मथळे होते : ‘अस्पर्श जंगल’, ‘लुप्त माया संस्कृतीचे अवशेष’ आणि ‘प्रवाळांचा समुद्र’. पहिले दिवस निसर्गाचे, मधले इतिहासाचे, शेवटचे मौजेचे. आम्हीही तशीच मनाची तयारी करून गेलो. परत आलो तेव्हा तिन्ही मथळे चुकीचे वाटत होते. का, ते सांगतो.

जंगलापासून सुरुवात करू. आमचा गाईड मोपान भाषा बोलणारा, पन्नाशीतला गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यानं एका उंच झाडापाशी थांबवलं. खोडावर कोयत्यानं घातलेल्या नागमोडी खाचांचे जुने वण होते. त्यानं विचारलं, ‘ओळखता का?’ आम्ही गप्प. सौ.नी खाली पडलेलं फळ उचललं, फोडलं, बी बघितली आणि म्हणाल्या, ‘अहो, हा तर आपला चिकू!’

चिकूच होता. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण या झाडाचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत. तिथल्या लोकांनी फळापेक्षा जास्त किंमत दिली ती त्याच्या चिकाला. त्या चिकापासून च्युइंगम बनायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो गोळा करणारे मजूर महिनोन् महिने जंगलात राहत, आणि झाडीत बुडालेल्या कितीतरी वास्तू त्यांच्या नजरेस आधी पडल्या. लाकूड तर विलक्षण टिकाऊ. ग्वाटेमालातल्या टिकल इथल्या मंदिरांच्या दारांवर चिकूच्या कोरीव तुळया आहेत. आठव्या शतकातल्या, म्हणजे बाराशे वर्षं पाऊस खाऊन शाबूत राहिलेल्या. त्यांतल्या काही आज स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात आहेत, ती गोष्ट वेगळी.

आता अवशेषांच्या आसपास चिकू आणि रामोन ही झाडं एवढी दाट का? काही अभ्यासक त्यात जुन्या परसबागांचा वारसा बघतात, काही म्हणतात की चुनखडीची जमीनच या झाडांना मानवते. वाद चालू आहे. पण जंगल ‘अस्पर्श’ नाही, यावर मात्र वाद उरलेला नाही. कराकोल या प्राचीन शहराचं उदाहरण घ्या. तिथे चेस दांपत्य १९८५ पासून उत्खनन करत आहे. पायी फिरून, झाडी तोडून, पंचवीस वर्षांत त्यांनी सुमारे २३ चौरस किलोमीटरचा नकाशा केला. मग २००९ मध्ये विमानातून लेझरचे किरण टाकून मोजणी झाली, तिला लायडार म्हणतात. काही दिवसांत सुमारे २०० चौरस किलोमीटर जमीन पानांखालून उघडी पडली. काय दिसलं? रस्ते, पाणी साठवायचे हौद, घरांचे चौथरे आणि डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. आपण ज्याला निबिड अरण्य म्हणत होतो ते पडीक पडलेलं शेत होतं.

कराकोलमध्ये ‘काआना’ नावाचा सुमारे ४३ मीटर उंचीचा प्रासाद आहे. आजही बेलीझमधल्या सर्वांत उंच इमारतींत त्याची गणना होते. आम्ही निम्म्यावर बसलो, गुडघे. तिथे बसून ऐकलं की या शहराचा ‘शोध’ १९३७ मध्ये रोसा माई नावाच्या लाकूडतोड्याला महोगनी हुडकताना लागला. हे ऐकताना आम्हाला अजिंठा आठवला. १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथनं अजिंठ्याचा ‘शोध’ लावला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नावही कोरलं. आसपासच्या गावांना लेणी ठाऊक होतीच! शोध लागतो तो बाहेरच्याला. आतल्याच्या ओळखीला आपण ज्ञान म्हणत नाही.

आता ‘लुप्त’ या शब्दाकडे येतो. शुनानतुनिच नावाचं स्थळ आहे. नावाचा अर्थ दगडी बाई. आम्ही गेलो तेव्हा हातानं चाक फिरवून चालवायच्या तराफ्यावरून नदी ओलांडली. वर चढलो, समोर ग्वाटेमालापर्यंत हिरवंगार. आणि त्या भारावलेल्या अवस्थेत आम्ही गाईडला विचारलं, ‘मग हे माया लोक गेले कुठे?’ तो क्षणभर थांबला. म्हणाला, ‘सर, मी तीन दिवस तुमच्याबरोबर आहे. सकाळी तुम्हाला नाश्ता वाढला ती माझी मावसबहीण.’

मंडळी, चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही अवस्था. मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे प्रमाण मानलं आहे. टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्याला अट आहे : वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही, असं म्हणता येत नाही. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. आम्ही माया माणूस शोधत होतो तो पिरॅमिडवर, पिसांचा मुकुट घातलेला. तो दिसला नाही. जो शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा होता तो दिसत असूनही दिसला नाही. अंधार होता, पण तो आमच्या बाजूला.

मग नवव्या शतकात झालं काय? दक्षिणेकडची मोठी शहरं एकामागोमाग ओस पडली. शिलालेखांवरच्या दीर्घ गणनेच्या तारखा थांबल्या, शेवटची ज्ञात तारीख इसवी सन ९०९ ची आहे. कारणं अनेक : राजघराण्यांची आपसातली युद्धं, जमिनीवरचा ताण, आणि वारंवार पडलेले दुष्काळ. या दुष्काळांचा पुरावा मिळाला कुठे, ते ऐका. एक, दक्षिण बेलीझमधल्या योक बालुम गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात. त्याच्या थरांवरून दोन हजार वर्षांच्या पावसाचा आलेख काढता आला, तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि दुसरा, समुद्रात! ‘ग्रेट ब्लू होल’ हा सुमारे ३०० मीटर रुंद, सव्वाशे मीटर खोल निळा खड्डा. लोक तिथे डुबकी मारायला जातात, आम्ही छोट्या विमानातून बघितला. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा ती कोरडी गुहा होती, म्हणून तिच्यात आजही लोंबते चुनखडीचे स्तंभ आहेत. तिथल्या गाळात जमिनीवरून वाहून आलेली माती आणि तिच्याबरोबर पावसाचं मान साठत गेलं. म्हणजे शहरं का ओस पडली याची एक नोंद पत्रकातल्या ‘मौजेच्या’ दिवशी आमच्या पायाखाली होती. तीन मथळे कुठे राहिले सांगा?

शहरं ओस पडली, माणसं संपली नाहीत. काही उत्तरेला गेली, काही खेड्यांत राहिली. लामानाईसारखी वस्ती स्पॅनिश काळापर्यंत नांदती होती. ग्वाटेमालातल्या सरोवराच्या बेटावरचं शेवटचं माया राज्य स्पॅनिशांनी घेतलं ते १६९७ मध्ये. संभाजीराजांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, म्हणजे ‘प्राचीन’ किती ते बघा. पुढे १८४७ मध्ये युकातानात माया शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. त्या धामधुमीतून पळालेल्या निर्वासितांनी १८४८ च्या सुमारास सान पेद्रो हे कोळ्यांचं गाव वसवलं. प्रवाळ बघायला अनेक पर्यटक आज तिथेच उतरतात. शेजारच्या सागरी अभयारण्याचं नाव होल चान, तेही मायाच.

आणखी एक गोष्ट. १५६२ मध्ये दिएगो दे लांदा या पाद्र्यानं मानी गावात माया पोथ्यांची होळी केली. त्याच लांदानं नंतर माया अक्षरांविषयी एक टिपण लिहून ठेवलं, आणि १९५२ मध्ये लेनिनग्राडमध्ये बसून युरी क्नोरोझोव्हनं त्याच टिपणाच्या आधारे लिपी उलगडायची दिशा दाखवली. तोवर मोठे मोठे विद्वान समजत होते की लेखांत फक्त ग्रहतारे आणि पंचांग आहे. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी दाखवलं की त्यांत राजांचे जन्म, राज्यारोहण, लढाया आहेत. लिपी वाचायला आधार कशाचा झाला? आजही बोलल्या जाणाऱ्या माया भाषांचा. तशा सुमारे तीस आहेत. कुलपाची किल्ली ‘लुप्त’ लोकांच्या तोंडात होती!

तुम्ही म्हणाल, सर, एका शब्दावरून एवढं काय? मंडळी, शब्दावर जमीन अवलंबून असते. दक्षिणेकडच्या तोलेदो जिल्ह्यातल्या मोपान आणि केकची माया गावांनी वहिवाटीच्या जमिनीवर हक्क मागितला, तेव्हा सरकारचा एक युक्तिवाद असा होता की हे लोक ग्वाटेमालातून अलीकडे आलेले आहेत, इथले मूळ नव्हेत. अवशेषांवर देशानं अभिमान मिरवायचा आणि त्याच लोकांना उपरं म्हणायचं. २००७ मध्ये सर न्यायाधीश अब्दुलाई कॉन्तेह यांनी सांता क्रूझ आणि कोनेहो या गावांच्या बाजूनं निकाल दिला. यातल्या सांता क्रूझच्या हद्दीतच उशबेनका हे प्राचीन शहर आहे. आणि २२ एप्रिल २०१५ रोजी कॅरिबियन न्यायालयानं तोलेदोतल्या माया गावांचा हा हक्क मान्य केला. कागदावर मिळालेला हक्क शेताच्या बांधापर्यंत पोचवायचा झगडा त्यानंतरही चालूच राहिला.

जाऊ नका, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. जरूर जा, पोहता येत असेल तर प्रवाळही बघा. सरकारनं समुद्रात तेल शोधायला बंदी घातली म्हणून २०१८ मध्ये युनेस्कोनं ती प्रवाळभित्ती धोक्याच्या यादीतून काढली, ही चांगली बातमी आहे. फक्त गाईडला आमच्यासारखा प्रश्न विचारू नका. निघायच्या दिवशी आम्ही त्याला विचारलं, ‘तुमच्या शेतात यंदा मका कसा आहे?’ सात दिवसांत पहिल्यांदाच तो थांबून, मनापासून, अर्धा तास बोलला. इतिहासाचा तास खरं तर तिथे सुरू झाला, आणि आमची गाडी सुटायची वेळ झाली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.