सातबाऱ्यावर एकट्या चुलत्याचं नाव: नांदेड-लातूरच्या जमिनीचे जुने कागद

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं होतं, "जमीन आजोबांची, तीन भावांनी कसलेली. सातबाऱ्यावर मात्र थोरल्या चुलत्याचं एकट्याचं नाव. आमचा हक्क गेला का?" नांदेड-लातूरकडे हा प्रश्न घरोघरी आहे, म्हणून आज तोच घेऊ.

कायद्याचं कलम नंतर बघू. आधी विचारायचं, कागद कोणाच्या राज्यातला? आपल्याकडे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं राज्य. मग हैदराबाद राज्य. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. शेत तेच, पण त्याचे कागद लिहिणारी सरकारं बदलत गेली. निजामाच्या काळात गावात पटवारी आणि माली पाटील, दफ्तर बऱ्याचदा उर्दूत आणि साल फसली. फसलीत 590 मिळवा, साधारण इसवी सन निघतं. 1358 फसली म्हणजे 1948-49.

आणि कागद कुठे सापडेल, हेही यावरच ठरतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत. लातूर जिल्हा तर 1982 चा, त्याआधी उस्मानाबाद. लातूरच्या रेकॉर्ड रूममध्ये "मिळत नाही" असं उत्तर आलं की माणूस हात टेकतो. खरं तर त्याचा शोध बीदरपर्यंत जायला हवा असतो.

मधली वर्षं फार उलथापालथीची. रझाकारांच्या काळात कितीतरी कुटुंबं हद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीकडे गेली. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर अत्याचार झाले. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं दिली आहेत. त्याच सुमारास 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 चा हैदराबाद कूळकायदा आला. घर सोडून गेलेल्या माणसाचं नाव नंतरच्या पाहणीत राहिलंच असेल, असं धरून चालता येत नाही. म्हणूनच 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक इतकं महत्त्वाचं. या धामधुमीनंतर शेत कोणाच्या नावे आणि कोणाच्या वहिवाटीत आहे, हे त्यात दिसतं. जुना दावा असला की वकील आधी खासराच मागतात, ते उगीच नाही.

आता चुलत्याकडे येऊ. खासऱ्यात आजोबांचं नाव आहे का बघा. मग त्यांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार काढा. थोरल्याच्या नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलेलं असेल तर सुटकेचा श्वास टाका. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढाच त्याचा अर्थ. तो एकटा मालक नव्हे. पुढे कुणीतरी नक्कल करताना ही तीन अक्षरं गाळतो आणि दोन पिढ्या भांडत बसतात!

ती अक्षरं नसली तरी सगळं संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय की फेरफाराने मालकी मिळत नाही की जात नाही. ती नोंद मुळात महसुलासाठी. पण 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 157 म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. म्हणजे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर.

दारही नीट निवडावं लागतं. निव्वळ लेखनातली चूक असेल तर कलम 155 खाली तहसीलदार. हिश्शाचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. आजोबांची संरक्षित कूळ म्हणून नोंद असेल तर मात्र तो प्रश्न कूळकायद्याखाली महसुली अधिकाऱ्यापुढे जातो. दिवाणी दाव्यात वर्षं घालवून हे कळलेले लोक आम्ही पाहिलेत.

आणखी एक. तीन भाऊ म्हणताना बहिणी किती होत्या, हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही, आम्हीच विचारलं. दोन होत्या. वारस फेरफारात त्यांची नावं नाहीत, नोंदणीकृत हक्कसोडपत्रही नाही. मग हिस्से मोजताना त्यांना वगळता येणार नाही. गृहस्थ जरा गप्प झाले. आत्यांना अजून कुणी विचारलेलंच नव्हतं.