चिठ्ठीवरचे गाव

रानपिंगळा खानदेशात पुन्हा सापडला, त्याआधी तो संग्रहालयातल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर शोधावा लागला.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात हे लहान घुबड मिळाले. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली ते नवी जात म्हणून जाहीर केले. पुढचे मोलाचे नमुने खानदेशचे. इथले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी ते शहादा-तळोदा भागात मिळवले. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्यांची यादीही १८८२ साली छापली गेली. पण १८८४ नंतरचा खात्रीचा एकही नमुना नाही.

अपवाद म्हणून एकच दाखवला जाई. गुजरातेत मांडवीला १९१४ साली मिळाल्याचे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी नोंदवलेला. जीवशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना क्ष-किरणाखाली धरला. आतले भरण बदललेले होते, पण कातडे तयार करण्याची मूळ पद्धत डेव्हिडसन यांची निघाली. हा ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच पक्षी, असा निष्कर्ष त्यांनी नायजेल कॉलर यांच्यासह १९९९ साली प्रसिद्ध केला. माझ्या मते खोटी चिठ्ठी हरवलेल्या चिठ्ठीपेक्षा वाईट. ती शोधणाऱ्याला चुकीच्या रानात नेते.

खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, भर उजेडात. नेहमीच्या पिंगळ्याचे डोके ठिपक्यांनी भरलेले असते. याचे जवळजवळ कोरे. पंख आणि शेपटीवर ठळक पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी जाडजूड. ११३ वर्षांनी!

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा. म्हणून जुन्या कागदात ‘खानदेश’, मधल्या कागदात ‘धुळे’ आणि आज ‘नंदुरबार’ दिसले, तरी रान तेच समजावे. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात रानपिंगळ्याचा अभ्यास केला. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही तो असल्याचे गिरीश जठार आणि रहमानी यांनी २००४ साली नोंदवले.

चिठ्ठीवरच्या गावानेच हा पक्षी परत मिळवून दिला, म्हणून धुळे-जळगावच्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांतल्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. प्रयोगशाळेतल्या बरण्या आणि वनस्पतींचे वाळवलेले नमुने एकदा खाली काढा. ज्यांवर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव नाही, त्यांची माहिती निवृत्त सहकाऱ्यांना विचारून आजच लिहून घ्या. माहिती मिळाली नाही, तर जागा कोरी सोडा. अंदाजाने गाव लिहू नका.